लायब्ररीला नवा डेटाबेस जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारी मुले, वेर्णा आणि पणजीत नोकरी करणारे प्रोग्रामर, गावच्या वाचनालयासाठी किंवा शाळेसाठी हौसेने सॉफ्टवेअर लिहिणारे शिक्षक, या सगळ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांची अडचण एकच असते. आपण वापरतो ती मुक्तस्रोत लायब्ररी (म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोडचा संच, वाचनालय नव्हे) आपल्याकडचा डेटाबेस ओळखत नाही, तर तो तिला ओळखता यावा म्हणून काय करायचे? उदाहरणे मुख्यतः पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एसक्यूएलअल्केमी आणि जँगो यांची घेतली आहेत. दोन्हींत बाहेरून डेटाबेस जोडण्याची वाट नीट बांधलेली आहे, आणि एकदा ती समजली की इतर भाषांतल्या लायब्रऱ्याही वाचता येतात.

नवा डेटाबेस जोडायचा म्हणजे नेमके काय लिहायचे?

डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणारा ड्रायव्हर बहुधा आधीच असतो. तुम्ही लिहायचा तो त्याच्या वरचा थर. एसक्यूएलअल्केमीत त्याला डायलेक्ट म्हणतात, जँगोत बॅकएंड. लायब्ररी वापरणारा पायथनमध्ये ‘सत्तरी तालुक्यातली वाचनालये दे, नावाने लावून, पहिली वीस’ अशा अर्थाचे काहीतरी लिहितो. त्यातून त्या डेटाबेसला कळेल असे एसक्यूएल (डेटाबेसला विचारणा करण्याची भाषा) बनवणे, कॉलमांचे प्रकार दोन्ही बाजूंनी जुळवणे, आधीपासूनच्या टेबलांची रचना वाचून आणणे, टेबल तयार करणे आणि बदलणे, ट्रान्झॅक्शन (एकत्रच व्हायचे किंवा एकत्रच रद्द व्हायचे असे बदल) सांभाळणे, डेटाबेसने फेकलेल्या एररचा अर्थ लावणे, ही सगळी या थराची कामे.

जँगोचा कोणताही बॅकएंड उघडला की ही विभागणी फाइलींच्या नावांतच दिसते: बेस, ऑपरेशन्स, स्कीमा, इंट्रोस्पेक्शन, क्रिएशन, क्लायंट आणि फीचर्स. मला यातली फीचर्स ही फाइल सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यात बहुतेक हो-नाहीच्या नोंदी असतात. हा डेटाबेस रिकाम्या मजकुराला नल (किंमत माहीत नाही अशी नोंद) समजतो का? टेबल बदलताना मध्येच चूक झाली तर मागे येऊ शकतो का? नवी ओळ घातल्यावर तिचा क्रमांक लगेच परत देतो का? इथे खरे लिहिले की बाकीची लायब्ररी त्याप्रमाणे वागते. खोटे लिहिले तर कुणाचा तरी डेटा बिघडतो, आणि तो बिघडल्याचे त्या माणसाला बऱ्याचदा उशिरा कळते. या पानावर पुढे जे काही आहे ते या एका गोष्टीभोवती फिरते: डेटाबेसला काय जमत नाही ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हे काय जमते ते दाखवण्याइतकेच मोठे काम आहे.

एसक्यूएल तर प्रमाणित भाषा आहे. मग प्रत्येक डेटाबेससाठी वेगळे काम का पडते?

कारण डेटाबेस आधी आले आणि प्रमाण मागाहून. ओरॅकल १९७९ मध्ये बाजारात होता. एसक्यूएलचे पहिले प्रमाण अमेरिकेत १९८६ मध्ये ठरले आणि १९८७ मध्ये आयएसओने ते स्वीकारले. तोवर प्रत्येकाच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या, आणि ग्राहकांचे प्रोग्राम त्या सवयींवर उभे होते.

साधी ‘पहिल्या वीस ओळी’ ही मागणी घ्या. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांना लिमिट कळते. ओरॅकलमध्ये १२सी हे व्हर्जन येईपर्यंत रोनम वापरून आतबाहेर दोन क्वेऱ्या (डेटाबेसला केलेल्या विचारणा) लिहाव्या लागत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप होते. २०१२च्या व्हर्जनपासून ऑफसेट-फेच आले, पण त्याला ऑर्डर बाय (क्रम सांगणारा भाग) लावणे सक्तीचे. म्हणजे वापरणाऱ्याने क्रम सांगितला नसेल तर तुमच्या डायलेक्टला काहीतरी ठरवावे लागते.

हा फरक निदान दिसतो, क्वेरी अडते आणि एरर येते. खरा त्रास न दिसणाऱ्या फरकांचा. चढत्या क्रमाने लावताना नल असलेल्या ओळी पोस्टग्रेस आणि ओरॅकल शेवटी ठेवतात, तर मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हर आधी ठेवतात. क्वेरी दोन्हीकडे चालते, उत्तर वेगळे येते. ओरॅकल रिकामा मजकूर नल म्हणूनच साठवतो. ‘मधले नाव नाही’ आणि ‘मधले नाव माहीत नाही’ हा भेद तिथे पुसला जातो. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले टेबलाचे नाव पोस्टग्रेस लहान इंग्रजी अक्षरांत वळवतो, ओरॅकल मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत. अवतरणही सारखे नाही: प्रमाणात दुहेरी चिन्ह, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस.

टेबलांची माहिती वाचून आणण्याचेही तेच. प्रमाणात त्यासाठी इन्फर्मेशन स्कीमा आहे, पण ओरॅकल ती देत नाही, त्याचे स्वतःचे डिक्शनरी व्ह्यू आहेत. एसक्यूलाइटला प्रॅग्मा विचारावे लागतात. इंट्रोस्पेक्शनच्या फाइलीला मनात धरलेल्या वेळापेक्षा जास्त वेळ जातो तो यामुळे.

ड्रायव्हर नसेल तर?

मग आधी ड्रायव्हर. पायथनमध्ये त्याचा करार पेप २४९ या दस्तऐवजात लिहिलेला आहे: कनेक्शन कसे मिळवायचे, कर्सरने (क्वेरी चालवणाऱ्या भागाने) काय द्यायचे, कमिट (बदल पक्के करणे) आणि रोलबॅक (बदल मागे घेणे) कसे वागायचे, एररची कुळे कोणती. क्वेरीतल्या रिकाम्या जागा दाखवण्याच्या पाच पद्धती त्यात मान्य आहेत, आणि ड्रायव्हर त्यातली कोणती वापरतो ते त्याने पॅरामस्टाइल या नोंदीत सांगायचे असते. प्रश्नचिन्ह वापरणारा एसक्यूलाइटचा ड्रायव्हर आणि नावे वापरणारा ओरॅकलचा ड्रायव्हर एकाच लायब्ररीखाली नांदतात ते या नोंदीमुळे.

निवड असेल तर वेगळे क्लायंट सॉफ्टवेअर बसवावे न लागणारा ड्रायव्हर घ्या. ओरॅकलचा पायथन ड्रायव्हर २०२२ मध्ये नव्या नावाने आला तेव्हा त्यात अशी ‘थिन’ पद्धत आली. नव्या माणसाला पहिल्या तासात कनेक्शन जोडता यावे यासाठी तिचा फार उपयोग होतो.

आमच्या डेटाबेसच्या माहितीत ‘पोस्टग्रेसशी सुसंगत’ लिहिले आहे. मग पोस्टग्रेसचाच डायलेक्ट चालेल ना?

कनेक्शन बहुधा जुळेल. पुढचे प्रत्यक्ष चालवून पाहावे लागते.

कॉकरोचडीबीचे उदाहरण बोलके आहे. तो पोस्टग्रेसचा नेटवर्क प्रोटोकॉल बोलतो, पण व्हर्जन विचारले की स्वतःचे नाव सांगतो. एसक्यूएलअल्केमीचा पोस्टग्रेस डायलेक्ट त्या उत्तरात पोस्टग्रेसचा आकडा शोधतो आणि सापडला नाही की तिथेच थांबतो. त्याहून खोल फरक ट्रान्झॅक्शनचा. पोस्टग्रेस मुळात रीड कमिटेड या सैल पातळीवर चालतो, कॉकरोचडीबी सीरियलायझेबल या कडक पातळीवर. त्यामुळे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या वाटेत आले तर ४०००१ हा कोड येतो, आणि ‘पुन्हा करून पाहा’ ही जबाबदारी वापरणाऱ्याकडे जाते. म्हणून त्याच्यासाठी वेगळा डायलेक्ट लिहिला गेला. पोस्टग्रेसचा बराच भाग त्यात वारशाने घेतला आहे, जिथे वागणूक बदलते तिथे बदल केला आहे.

मारियाडीबी तर मायएसक्यूएलपासूनच २००९ मध्ये वेगळा झालेला. तरीही जँगोने त्याला अधिकृत पाठिंबा दिला तो २०१९च्या डिसेंबरात, ३.० मध्ये. सुसंगत आहे असे मानून चालणे आणि प्रत्येक बदलावर टेस्ट चालवून तशी हमी देणे या दोन गोष्टींत इतके अंतर असते.

वारसा घ्यायला माझी काही हरकत नाही, तो घ्यावाच. फक्त फीचर्सची यादी वारशाने घेऊ नका. तिची एकेक ओळ आपल्या डेटाबेसवर तपासून स्वतः लिहा.

पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घेण्याची विनंती) थेट मुख्य लायब्ररीत का पाठवू नये?

पाठवता येते, पण बहुतेक वेळा ती घेतली जाणार नाही, आणि त्यात मेंटेनरांची (लायब्ररी सांभाळणाऱ्यांची) चूक नाही. मुख्य लायब्ररीत आलेला प्रत्येक डेटाबेस त्यांना कायमचा सांभाळावा लागतो. पुढे कुणी क्वेरीच्या बांधणीत सुधारणा केली की ती या डेटाबेसवरही चालली पाहिजे, मग तो त्यांच्याकडे असो वा नसो. एसक्यूएलअल्केमीत पूर्वी फायरबर्ड आणि सायबेस यांचे डायलेक्ट आतच होते. सांभाळणारे हात कमी पडले, १.४ मध्ये ते मोडीत निघणार असल्याचा इशारा दिला गेला आणि २.० मध्ये काढले गेले. तिथे आता आत राहिलेले पाच: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी मिळून एक, एसक्यूलाइट, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर. जँगोत एसक्यूएल सर्व्हरसुद्धा आत नाही. त्याचा बॅकएंड मायक्रोसॉफ्टच्या देखरेखीखाली स्वतंत्र पॅकेज म्हणून चालतो.

म्हणून स्वतंत्र पॅकेज करा. एसक्यूएलअल्केमीत पॅकेजच्या माहितीत एक एंट्री पॉइंट (डायलेक्ट कुठे आहे ते सांगणारी नोंद) लिहिला की कनेक्शनच्या पत्त्यातल्या पहिल्या शब्दावरून ती तुमचा डायलेक्ट आपोआप शोधते. जँगोत सेटिंग्जमधल्या इंजिनच्या जागी तुमच्या मॉड्यूलचे नाव दिले की झाले. वापरणाऱ्याच्या बाजूने आत आणि बाहेर यांत जवळजवळ फरक उरत नाही. तुम्हाला मात्र आपल्या गतीने रिलीज काढता येते.

मुख्य लायब्ररीत पुल रिक्वेस्ट पाठवायची ती वेगळ्या कारणासाठी. काम करताना कुठेतरी असे आढळेल की लायब्ररीने एखादी गोष्ट गृहीतच धरली आहे आणि बाहेरच्या डायलेक्टला ती बदलायला जागाच ठेवलेली नाही. तेवढी जागा करून देणारा छोटा बदल, त्याच्या टेस्टसह पाठवा. अशा बदलांचे स्वागत होते, आणि तुमच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचीही वाट मोकळी होते.

सुरुवात कुठून करू?

कनेक्शन जोडून ‘सिलेक्ट १’ चालवा. मग एक टेबल तयार करणे, एक ओळ घालणे, ती वाचणे. इतके झाले की स्वतःचे प्रयोग थांबवून लायब्ररीच्या तयार टेस्ट लावा आणि त्या जिथे पडतील तिथे काम करा. आपल्या मनाने एकेक सोय लिहीत गेलो तर आपल्याला सुचलेल्याच गोष्टी होतात. टेस्टमध्ये इतकी वर्षे दुसऱ्यांना आलेल्या अडचणी साठलेल्या असतात.

एसक्यूएलअल्केमीत बाहेरच्या डायलेक्टसाठी टेस्टचा स्वतंत्र संच आहे, आणि तो कसा जोडायचा ते डायलेक्टसाठीच्या रीडमीत लिहिलेले आहे. आधी ती फाइल वाचा, मग कोड.

सगळ्या टेस्ट पास व्हायलाच हव्यात का?

नाही. पण जी पास होत नाही तिच्यासमोर कारण लिहिलेले असायलाच हवे.

दोन्ही लायब्रऱ्यांत त्यासाठी जागा आहे. एसक्यूएलअल्केमीत रिक्वायरमेंट्सची फाइल असते. ‘आमच्याकडे हे नाही’ असे तिथे नोंदवले की त्या टेस्ट वगळल्या जातात. जँगोच्या फीचर्समध्ये दोन वेगळ्या याद्या ठेवता येतात: चालवायच्याच नाहीत अशा टेस्ट, आणि चालवल्या तरी पडणार हे माहीत असलेल्या टेस्ट. दुसरी यादी मला जास्त आवडते. उद्या डेटाबेसच्या नव्या व्हर्जनमध्ये ती सोय आली की ‘पडणार’ म्हणून नोंदवलेली टेस्ट अचानक पास होते आणि सीआय (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) ओरडून सांगते. वगळलेली टेस्ट तशीच झोपून राहते.

टेस्ट पडली की तिच्यामागे तीनपैकी एक कारण असते. डेटाबेसला ते जमत नाही. डेटाबेसला जमते पण तुमच्या कोडमध्ये चूक आहे. किंवा टेस्टनेच काहीतरी गृहीत धरले आहे, उदाहरणार्थ ऑर्डर बाय न देता ओळी ठरावीक क्रमाने येतील असे. या तिन्हींची सरमिसळ करून सगळे ‘वगळा’ म्हणून टाकण्याचा मोह रिलीजच्या आदल्या रात्री होतो. कळकळीने सांगतो, तसे करू नका. हिरव्या खुणा पाहून कुणीतरी गावच्या पतसंस्थेची खाती या डेटाबेसवर नेणार आहे.

मराठी मजकुराचे काय? लायब्ररी युनिकोड मानते म्हणजे झाले ना?

इथे आपण गोव्यात बसून जे काम करू शकतो ते इतरांच्या हातून सहसा होत नाही. आपल्या नोंदींत देवनागरी असते, रोमी लिपी असते, आणि जुन्या दस्तांतली पोर्तुगीज नावेही असतात, अक्षरावर तरंगचिन्ह किंवा सी खाली शेपटी असलेली. एकाच टेबलात तिन्ही येतात. टेस्टसाठी याहून चांगला मालमसाला मिळणार नाही.

आधी लांबी. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, हलंत ही वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘म्हापसा’ वाचताना तीन अक्षरे, पण युनिकोडमध्ये सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ या मजकुराच्या प्रकाराला २० ही लांबी दिली तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ते २० बाइट असतात. म्हापसा त्यात मावत नाही, मडगाव १५ बाइटांत मावते. तुमच्या डायलेक्टने लांबी बाइटांत सांगायची की चिन्हांत, हे ठरवूनच टेबल तयार करणारा कोड लिहा. लांबी मोजणाऱ्या फंक्शनचेही तसेच: मायएसक्यूएलचे लेंग्थ बाइट मोजते आणि पोस्टग्रेसचे चिन्हे मोजते.

टेबलांची आणि कॉलमांची नावे देवनागरीत द्यायची असतील तर पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइटांची आहे, म्हणजे २१ चिन्हे. त्यापुढचे नाव तो कापतो, फक्त सूचना देतो, एरर देत नाही. लायब्ररी इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) यांची लांब नावे स्वतः जुळवते, त्यामुळे ही मर्यादा आपल्या अंदाजाच्या आधीच गाठली जाते. डायलेक्टने लांबी मोजताना बाइट मोजले पाहिजेत.

साठवण. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारकॅरमध्ये देवनागरी घातली तर नेहमीच्या कोलेशनखाली (मजकूर लावण्याच्या आणि ताडून पाहण्याच्या नियमांखाली) प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. तिथे एनव्हारकॅर वापरावे, किंवा २०१९च्या व्हर्जनपासून आलेली यूटीएफ-८ कोलेशने. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ मध्ये तीनच बाइटांची सोय होती. देवनागरी त्यात बसते, म्हणून पुष्कळांना वर्षानुवर्षे काही जाणवले नाही. कुणी इमोजी टाकला की एरर. चार बाइटांचा संच ८.० पासून मुळातच लागू झाला.

आता क्रम, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. त्यामुळे नुसत्या बाइटांच्या क्रमाने लावले तर वाळपई आधी आणि वास्को नंतर. मराठी कोशाच्या क्रमाने वास्को आधी आणि वाळपई नंतर. एसक्यूलाइटचे मूळ कोलेशन बाइटांवरच चालते. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची कोलेशने वापरता येतात, भाषेनुसार क्रम निवडता येतो. तुमच्या डेटाबेसमध्ये कोलेशन निवडता येत असेल तर ते कॉलमवर आणि क्वेरीत लिहिता येण्याची सोय डायलेक्टमध्ये जरूर ठेवा. ती मागाहून घालणे अवघड जाते, कारण तोवर इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेले असतात.

शेवटी सारखेपणा. ‘कऱ्हाडे’ मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, डेटाबेसला वेगळे वाटतात, आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. उलट पोर्तुगीज ‘साओ’ मधले तरंगचिन्ह मायएसक्यूएल ८ चे मूळ कोलेशन मोजतच नाही. चिन्हासह आणि चिन्हाशिवाय लिहिलेले नाव ते एकच मानते, आणि युनिक (एकच किंमत दोनदा न चालणाऱ्या) असलेल्या कॉलमवर दुसरी नोंद नाकारते. पोस्टग्रेस दोन्ही ठेवून घेतो. डायलेक्टने यात आपले शहाणपण घालू नये असे माझे ठाम मत आहे. जे आत गेले तेच, एकही बाइट न बदलता, बाहेर आले पाहिजे, आणि त्याची टेस्ट असली पाहिजे. कोणती दोन नावे एक मानायची हे वापरणाऱ्याने ठरवायचे.

मायग्रेशनमध्ये (टेबलांची रचना पायरीपायरीने बदलताना) वेगळे काय पाहायचे?

पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये टेबल बदलण्याची कामे ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. मध्येच काही चुकले तर सगळे पूर्ववत. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा आधीचे काम आपोआप कमिट करते. पाच पायऱ्यांचे मायग्रेशन तिसऱ्या पायरीवर पडले तर पहिल्या दोन पायऱ्या झालेल्याच राहतात. तुमच्या डेटाबेसची गत यातली कोणती हे फीचर्समध्ये चुकले तर लायब्ररी वापरणाऱ्याला ‘काहीच बदलले नाही’ असे सांगेल आणि टेबल अर्धे बदललेले असेल. मायग्रेशन मुद्दाम मध्येच पाडून पाहा, आणि हे पाहायला विसरू नका.

एसक्यूलाइटमध्ये कॉलम काढून टाकण्याची आज्ञा ३.३५ मध्ये, २०२१ साली आली. त्याआधी नवे टेबल करून, डेटा हलवून, नाव बदलावे लागे, आणि लायब्रऱ्यांतला तो कोड अजून वाचण्यासारखा आहे.

नवी ओळ घातल्यावर तिचा क्रमांक कसा मिळवायचा?

पोस्टग्रेस, एसक्यूलाइट ३.३५ आणि मारियाडीबी १०.५ पासून क्रमांक परत देणारे रिटर्निंग आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या जागी आउटपुट, ओरॅकलमध्ये रिटर्निंग इंटू. मायएसक्यूएलमध्ये मात्र शेवटचा क्रमांक वेगळा विचारावा लागतो. अनेक ओळी एकदम घातल्या तर प्रत्येकीचा क्रमांक खात्रीने मिळतो का, हे वेगळे तपासा आणि वेगळे नोंदवा.

शंभर ओळी एकदम घालता येतात, हजारो घातल्या की एरर येते. असे का?

एका क्वेरीत किती किमती (व्हॅल्यू, म्हणजे कॉलमांत भरायचा डेटा) पाठवता येतात याला मर्यादा असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २१००, पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये ६५,५३५, एसक्यूलाइटमध्ये पूर्वी मुळात ९९९ आणि ३.३२ पासून ३२,७६६. ओळी गुणिले कॉलम हा हिशेब करून डायलेक्टने स्वतःच तुकडे पाडावेत. वापरणाऱ्यावर ते सोडू नये.

सुरक्षेचे काय? किमती तर ड्रायव्हरच सांभाळतो.

किमती सांभाळतो, पण नावे, कोलेशन, लिमिटचे आकडे, तारखांच्या फंक्शनमधले भाग हे डायलेक्ट स्वतः क्वेरीत चिकटवतो, आणि भोक तिथे पडते. २०२० च्या मार्चमध्ये जँगोने दुरुस्त केलेला एक दोष फक्त ओरॅकलवरचा होता. भौगोलिक फंक्शनमध्ये टॉलरन्स म्हणून दिलेली किंमत न तपासता क्वेरीत जात होती. जगभर तपासल्या जाणाऱ्या लायब्ररीत हे घडू शकते, तर आपल्या नव्या पॅकेजमध्ये जिथे जिथे मजकूर जोडून क्वेरी बनते ती प्रत्येक जागा दुसऱ्या माणसाने वाचलीच पाहिजे. नावात अवतरणचिन्ह घालून पाहणारी टेस्ट पहिल्या दिवसापासून ठेवा.

माझा लॅपटॉप साधा आहे. एवढे डेटाबेस चालवू कुठे?

डॉकरच्या (सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त जागेत चालवणाऱ्या साधनाच्या) कंटेनरमध्ये, एका वेळी एकच. एसक्यूएल सर्व्हरला निदान दोन जीबी मेमरी लागते. बाकीचे बरेच कमीत भागतात. इमेज (कंटेनर उभा करायच्या तयार फाइली) मोठ्या असतात, त्या कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर उतरवून घ्या. जून-जुलैत आपल्याकडे वीज आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा उतरवलेली इमेज आणि चार्ज केलेली बॅटरी एवढ्यावर काम चालू राहते. इमेजच्या नावापुढे नेमके व्हर्जन लिहा, ‘लेटेस्ट’ नको. नाहीतर काल पास झालेली टेस्ट आज का पडली हे शोधण्यात दिवस जातो.

पूर्ण टेस्ट सीआयवर सोडा. गिटहबच्या ॲक्शन्समध्ये डेटाबेस सोबतची सेवा म्हणून उभा करता येतो, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीला ते फुकट असते.

लायसन्सची काळजी करावी का?

थोडी. एसक्यूएलअल्केमी एमआयटी आणि जँगो बीएसडी लायसन्सखाली आहे. काही ड्रायव्हर जीपीएल किंवा एलजीपीएल या जास्त अटींच्या लायसन्सखाली असतात, म्हणून ड्रायव्हरचा कोड आपल्या पॅकेजमध्ये कॉपी करू नका, अवलंबित्व म्हणून नोंदवा. दुसऱ्या डायलेक्टमधून कोड घेतलात तर त्याची लायसन्सची ओळ सोबत ठेवा.

मी अजून विद्यार्थी आहे. मेंटेनरांशी बोलायला संकोच वाटतो.

कोड पाठवण्याआधी इश्यू (अडचणीची नोंद) उघडा आणि तीन गोष्टी लिहा: कोणता डेटाबेस आणि व्हर्जन, काय करून पाहिले, कुठे अडले. छोटा, स्वतंत्रपणे चालणारा कोड जोडा. इंग्रजी साधे असले तरी चालते. माहिती नेमकी असली की उत्तर येते. उत्तराला वेळ लागला तर रागावू नका, बहुतेक जण हे काम आपल्या सवडीने करतात. आणि ‘हे आमच्या लायब्ररीत नको’ असे उत्तर आले तर त्याखाली दिलेले कारण वाचा. त्यात बहुधा तुमच्या पॅकेजसाठी दिशा असते.

एआयच्या मदतीने लिहिलेला कोड चालतो का, असेही आता विचारतात. डेटाबेसच्या स्वतःच्या कागदपत्रांत पाहून आणि प्रत्यक्ष चालवून खात्री केलेला असेल तर चालतो. ज्या ओळीचे कारण तुम्हाला सांगता येत नाही ती पाठवू नका.

पहिले रिलीज झाल्यावर काम संपले का?

तेव्हा खरे सुरू होते. पोस्टग्रेसचे मोठे व्हर्जन दरवर्षी येते आणि प्रत्येक पाच वर्षे सांभाळले जाते. पायथनचेही साधारण तसेच. लायब्ररी वेगळ्या गतीने बदलते, एसक्यूएलअल्केमी १.४ वरून २.० वर गेली तेव्हा बाहेरच्या कितीतरी डायलेक्टना हात लावावा लागला. म्हणून कोणती व्हर्जन कुणासोबत चालतात याचा तक्ता रीडमीत ठेवा आणि लायब्ररीच्या येऊ घातलेल्या व्हर्जनवर सीआय आठवड्यातून एकदा आपोआप चालू द्या.

रिलीज करण्याचा अधिकार निदान दोघांकडे असावा. चवथीला (गणेशचतुर्थीला) आपण सगळे गावी असतो, आणि सुरक्षेची दुरुस्ती चवथ संपेपर्यंत थांबत नाही. दुसरा माणूस गोव्याबाहेरचा असेल तर उत्तमच.

पुढे सांभाळणे जमले नाही तर?

तसे उघड लिहा. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यावरचे नाव आणि रिलीजचे अधिकार देताना घाई करू नका. २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत मागचे दार सापडले, ते वर्षा-दोन वर्षांच्या मदतीतून विश्वास मिळवून सह-मेंटेनर झालेल्या अनोळखी खात्याने घातलेले होते. ज्यांचे काम तुम्ही वाचले आहे आणि ज्यांना ओळखता, त्यांच्याकडेच द्या. असे कुणी नसेल तर लायब्ररीच्या ज्या व्हर्जनपर्यंत टेस्ट पास झाल्या त्यावर कमाल मर्यादा घालून शेवटचे रिलीज काढा, पडणाऱ्या टेस्टची यादी जशीच्या तशी आत राहू द्या, आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह करा. पुढे कुणाला हे काम उचलायचे असेल तर त्याला ती यादीच आधी लागेल.